पिकअपची डिझेल लाईन: तुकडा जोडायचा की पूर्ण बदलायची?

व्हिडिओत नळ्या बदलताना तुम्ही पाहिल्या. इथे त्यामागचा हिशेब आणि घाईत सुटलेले बारकावे लिहितोय.

भाजी, दूध किंवा पाण्याच्या जारचा धंदा पिकअपवर चालवणार असाल, तर एक लक्षण ओळखायला शिका. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे लवकर स्टार्ट होत नाही, झालीच तर दोन मिनिटांत बंद पडते. आपण बॅटरीला दोष देतो. पण बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये इंजिनजवळचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. त्या वाटेवरची रबरी नळी तडकली की डिझेल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत शिरते. मेकॅनिक म्हणतो, "गाडी एअर घेतेय." खाली थेंब नसतो, म्हणून मालक निवांत राहतो. खात्रीसाठी फिल्टरच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी लावायला सांगा, बुडबुडे दिसतील.

आता पैशाचं. तडकलेला भाग कापून तुकडा जोडला की काम स्वस्तात होतं. पण बाकीचं रबर तेवढंच जुनं, आणि जोडाची दोन टोकं नव्याने वाढली. समजा, गाडी दिवसाला २,००० रुपये मिळवते. एक खाडा म्हणजे २,००० गेले, नासलेला माल आणि रागावलेलं गिऱ्हाईक वेगळं. माझं मत स्पष्ट आहे: टाकी ते पंप आणि परतीची लाईन, सगळं रबर एकदमच बदला, क्लिपांसकट.

नळी घेताना पाण्याची किंवा हवेची घेऊ नका, डिझेलने ती फुगते. इंधनाच्या नळीवर एसएई जे३० आर७ किंवा आर९ असं छापलेलं असतं. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीला आर९च लागते. जुनी नळी सोबत न्या, आतला व्यास मोजून घ्या. सैल नळी क्लिप आवळून बसवली तरी हवा घेतेच. धारदार पात्याने सरळ कापा, हॅक्सॉने रबराचा भुगा आत जातो. लोखंडी पाईपचं टोक गंजलं असेल (कोकणपट्टीत हे हमखास) तर नुसती नळी बदलून भागणार नाही.

काम सुरू करण्याआधी इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, जवळ अग्निशामक. जुनी लाईन जिथून गेली होती तिथूनच नवी न्या, सायलेन्सरपासून लांब. मग हँड प्राइमरने हवा काढा.

पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या स्टीलच्या लाईनला मात्र स्वतः हात लावायचा नाही. कॉमन रेल गाडीत तिथे १,००० बारच्या पुढे दाब असतो, टायरमध्ये जेमतेम दोन-चार. ती बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा. सीएनजीच्या लाईनचं काम अधिकृत केंद्रातच.

गॅरेजमधून निघताना इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडावर टॉर्च मारा, बोट फिरवू नका. भरलेल्या गाडीची एक फेरी झाली की पुन्हा बघा. तारीख, किलोमीटर वहीत लिहा आणि बिल त्याच पानाला लावून ठेवा. गाडी विकताना घेणारा ते पान आधी मागतो.