औषधाची भुकटी पाण्यात नीट का मिसळत नाही?



लागणीचे दिवस जवळ आले की बेणेप्रक्रियेची चौकशी सुरू होते. औषध कोणते, किती आणि टिपऱ्या किती वेळ बुडवायच्या, हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. पण भुकटी पाण्यात मिसळायची कशी, हे सहसा कोणी विचारत नाही. "त्यात काय, टाकली आणि काठीनं ढवळली!" असे उत्तर मिळते. पैसे मोजून आणलेल्या औषधाचा गुण बहुधा इथेच वाया जातो. म्हणून या अंकात आम्ही एवढाच विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी, की ही भुकटी पाण्यात विरघळत नाही. मीठ विरघळते, साखर विरघळते. मग पिंपाच्या तळचा आणि वरचा पेला सारखाच लागतो. कार्बेन्डॅझिमचे तसे नाही. एका लिटर पाण्यात ते जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळते. आपण मात्र १०० लिटर पाण्याला ५० टक्के भुकटी १०० ग्रॅम घालतो, म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम मूळ औषध झाले. हे सगळे बारीक कणांच्या रूपात पाण्यात नुसते तरंगत असते.

मग पुडीतला उरलेला निम्मा भाग कशाचा? त्यात बारीक मातीसारखा भराव असतो आणि थोडी, पण फार कामाची दोन द्रव्ये असतात. एक भुकटी भिजवणारे, दुसरे कण सुटे ठेवणारे. या दुसऱ्याला डिस्पर्सिंग एजंट म्हणतात. आपण त्याला विखुरक म्हणू. रंगाच्या कारखान्यात रंगद्रव्य आणि खडूची पूड तेलात वा पाण्यात कालवतानाही हेच काम असते.

विखुरक काय करतो, हे घरातल्या पिठल्यावरून कळेल. बेसन एकदम उकळत्या पाण्यात लोटले की गुठळ्या होतात. गुठळी बाहेरून भिजते, आत पीठ कोरडेच राहते. म्हणून घरातल्या बाया आधी थोड्या गार पाण्यात पीठ कालवून घेतात. औषधाच्या भुकटीलाही याच तीन पायऱ्या लागतात: कण भिजले पाहिजेत, गुठळी फुटली पाहिजे आणि फुटलेले कण पुन्हा एकत्र येता कामा नयेत. पहिल्या दोन पायऱ्या पाण्याने आणि ढवळण्याने साधतात. तिसरी विखुरकाची. त्याचा रेणू एका बाजूने कणाला चिकटतो आणि दुसऱ्या बाजूने पाण्यात पसरतो. सगळ्या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार आला, की ते एकमेकांना दूर लोटतात. काही विखुरकांच्या लांब साखळ्या कणांभोवती कुंपणासारख्या उभ्या राहतात.

आपल्याकडे हे ज्ञान नवे नाही. पूर्वी बोरूने लिहायची काळी शाई काजळ आणि डिंक खलून करत. काजळ पाण्यात विरघळत नाही. डिंकामुळे ते सुटे राहते आणि कागदाला धरते. आज औषधांत वापरला जाणारा एक मोठा विखुरक, लिग्नोसल्फोनेट, हाही झाडापासूनच येतो. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन कागदाचा लगदा करताना वेगळे निघते, त्यापासून तो बनतो.

कण सुटे राहण्याला एवढे महत्त्व का? स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेला नियम असा, की कणाची जाडी दुप्पट झाली तर तो चौपट वेगाने खाली बसतो, आणि दसपट झाली तर शंभरपट वेगाने. म्हणजे गुठळी झाली की औषध तळाला गेलेच म्हणून समजा. मग पहिल्या टोपलीला नुसते पाणी आणि शेवटच्या टोपलीला चिखल! ज्या टिपऱ्यांना औषध लागले नाही, त्यांच्या कापलेल्या टोकांतून अननस रोगाची बुरशी आत शिरते. टिपरी आतून लाल-काळी पडते, पिकल्या अननसासारखा वास येतो, डोळा उगवत नाही. पुढे नांग्या भरायला बेणे आणि मजुरी पुन्हा घालावी लागते.

गंमत अशी, की आपल्या साखर धंद्यात दोन्ही उलटसुलट कामे चालतात. रस स्वच्छ करताना गाळ लवकर तळाला बसावा म्हणून कण एकमेकांना चिकटवणारे द्रव्य अगदी थोडे घालतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तसेच. पुढे रस आटवताना नळ्यांना क्षारांचा थर धरू नये म्हणून बऱ्याच कारखान्यांत विखुरक वापरतात. कुठे कण जोडायचे आणि कुठे सुटे ठेवायचे, हे कामावर ठरते.

आता शेतावर काय करावे ते सांगतो.

१) भुकटी थेट पिंपात टाकू नये. बादलीत थोडे पाणी घेऊन काठीने पातळ घोळ करावा, गुठळ्या मोडाव्यात, मग तो पिंपात ओतून पाणी पुरे करावे.

२) प्रत्येक टोपली बुडवण्याआधी पिंप तळापासून ढवळावे. विखुरक कण सुटे ठेवतो, पण कायमचे तरंगत ठेवत नाही.

३) क्षारपड भागातल्या विहिरीचे पाणी जड असेल तर चांगले पाणी आणावे. जड पाण्यातील चुन्याच्या क्षारांनी काही विखुरकांचे बळ कमी होते. कपड्याचा साबण घालून ते सुधारत नाही. त्या पाण्यात साबणाचाच साका होतो.

४) शिफारशीप्रमाणे दुसरे तेलकट कीटकनाशक घालायचे असेल तर भुकटी आधी मिसळावी, तेलकट औषध नंतर. जिवाणू खत मात्र या पिंपात मुळीच घालू नये. त्याची प्रक्रिया नंतर, वेगळ्या पाण्यात करावी.

५) ओल लागून खडे झालेली किंवा मुदत संपलेली भुकटी वापरू नये. हाताने ढवळू नये, हातमोजे घालावेत. उरलेले पाणी पाटात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या वाटेवर ओतू नये.

पुडीची परीक्षा घरीही होते. प्रयोगशाळेत २५० मिलिलिटरच्या काचेच्या नळीत औषध मिसळून ३० मिनिटे स्थिर ठेवतात, वरचे नऊ-दशांश पाणी काढून घेतात आणि तळच्या भागात किती औषध बसले ते मोजतात. आपण एका स्वच्छ काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात घोळ करावा, हलवावा आणि अर्धा तास ठेवावा. थोडा गाळ बसला तर हरकत नाही. पण वर निवळ पाणी आणि तळाला घट्ट थर दिसला, तर ती पुडी वापरू नये. दुकानाची पावती आणि पुडी घेऊन ऊस विकास विभागाकडे यावे. ती बाटली मात्र नंतर फोडून पुरावी, घरात वापरू नये.

औषधाचे नाव, प्रमाण आणि वेळ वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे व आपल्या शेतकी अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवावे. बाकी काम बादलीचे, काठीचे आणि पाच मिनिटांच्या सबुरीचे आहे. एवढे केले, तर पुडीतले औषध प्रत्येक टिपरीपर्यंत पोहोचेल.