एक चाक, दोन कारागीर

परळी वैजनाथ तालुक्यासारख्या ग्रामीण भागात कुंभारकाम हा बहुधा पतिपत्नींचा संयुक्त व्यवसाय असतो. पती चाकावर घट, पणत्या, सुगडी घडवितो. पत्नी माती चाळते, मळते, रंगकाम व विक्री पाहते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत कुंभारकामासह १८ व्यवसायांचा समावेश आहे. कारागिरास ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. मात्र पती, पत्नी व अविवाहित मुले यांपैकी एकाचीच नोंद होते. साहजिकच दुसऱ्याचे, बहुधा स्त्रीचे, श्रम कागदावर येत नाहीत.

अर्जांची प्राथमिक पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. त्याच वेळी पत्नीस ‘उमेद’ अभियानाच्या स्वयंसहाय्यता गटाशी जोडून दिल्यास तिच्या कौशल्यासही स्वतंत्र भांडवल लाभू शकेल.