आधी कवच, मग चीज

एअर फ्रायरमधले चीजचे गोळे बिघडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. बाहेरचे कवच कडक व्हायच्या आत आतले चीज वितळून बाहेर पडते. गोंडपिपरीतल्या माझ्या स्वयंपाकघरात नेमके हेच घडले: गोळे चपटे, जाळीखाली करपलेले चीज आणि घरभर जळका वास. नवे यंत्र घेणाऱ्या मैत्रिणींना तेव्हापासून मी पुढच्या गोष्टी आवर्जून सांगते.

हे यंत्र तळत नाही. वरची कॉइल तापते, पंखा गरम हवा जोरात फिरवतो आणि पदार्थाचा वरचा ओलावा उडतो. त्यामुळे भज्यांचे पातळ पीठ इथे नको. कढईत ते तेलात पडताच आवळते, इथे जाळीतून गळते.

भाजीतले पाणी आधी काढा. फुलकोबी आणि गाजर किसून मीठ लावा, दहा मिनिटांनी कापडात घट्ट पिळा. त्यात उकडलेला आलू, हिरवी मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घाला. सारण पूर्ण थंड होऊ द्या. गरम सारणात चीज भरले की ते तिथेच वितळायला लागते.

मोझरेला चंद्रपूरहून आणायचे तर उन्हाळ्यात एसटीतच मऊ पडते. त्यापेक्षा साधे प्रोसेस्ड चीजचे क्यूब बरे. तार कमी सुटते, पण ते लवकर फुटून तेल सोडत नाही. एका क्यूबचे चार तुकडे करून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या, मग सारणात भरा.

आमचा मुलूख धानाचा, तेव्हा ब्रेडचा चुरा शोधत बसू नका. तांदळाची पिठी पाण्यात कालवा, गोळा त्यात बुडवून भाजलेल्या जाड पोह्यांच्या भरड्यात घोळवा. हेच पुन्हा एकदा करा. भेग राहिली की चीज तिथूनच वाट काढते. तयार गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

वरून तेलाचा हात हवाच, नाहीतर भरडा कोरडा आणि पांढरा राहतो. मात्र घाण्याचे जवसाचे तेल चटणीसाठीच ठेवा. ते साधारण १०७ अंशांनाच धुरावते आणि आपण यंत्र लावणार २०० अंशांवर. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे रिफाइंड तेल वापरा.

पाककृतीतल्या मिनिटांवर विसंबू नका. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले, तर कॉइलची उष्णता जवळपास चौथ्या हिश्श्याने घटते. तापमान उशिरा चढते आणि तेवढ्यात चीज पाझरते. दिवे मंद दिसले की यंत्र जास्त वेळ रिकामे तापवा, एका वेळी थोडेच गोळे अंतर सोडून ठेवा.

१५०० वॅटचे यंत्र साडेसहा अँपिअर ओढते. ते १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको. रिकाम्या जाळीत नुसता बटर पेपरही ठेवू नका, हवेने उडून कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो.

निम्म्या वेळेनंतर गोळे उलटा आणि मग लक्ष ठेवा. रंग तांबूस झाला, एखाद्या गोळ्यावर चीजचा पहिला थेंब दिसला, की सगळे बाहेर काढा. मुलांच्या हातात देण्याआधी एक फोडून बघा: कवच कोमट लागले तरी आतले चीज जीभ पोळण्याइतके गरम असते.