नोकरी करणारी स्त्री आणि तिचा संसार

चूल आणि मूल ही चौकट ओलांडून आपली भगिनी आज शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, एस.टी.ची वाहक झाली आहे. सकाळी परंड्याच्या बसस्थानकावर हातात डबा व खांद्याला पिशवी घेतलेल्या कितीतरी जणी उतरतात. घरचा स्वयंपाक आणि मुलांचे आवरणे उरकूनच त्या निघालेल्या असतात. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे तिकीट निम्म्या दरात मिळते. पैसे वाचले, वेळ मात्र वाचला नाही.

नोकरीमुळे संसारात कुरबुरी वाढतात, असे सर्रास बोलले जाते. हे आम्हांस पटत नाही. रजिस्टरे, वरिष्ठांची बोलणी, बदलीची धास्ती हा ताण पुरुषालाही आहेच. फरक पडतो तो घरी परतल्यावर. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटे निघाली, पुरुषांची ८८. तीही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. बहुतेक पुरुष त्या हिशेबात येतच नाहीत! अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शिल्ड यांनी १९८९ साली नोकरदार जोडप्यांवर पुस्तक लिहिले. घरकाम वाटून घेणारी जोडपी त्यांना अधिक समाधानी आढळली.

दुसरी गोष्ट पगाराची. पगार तिचा, पण एटीएम कार्ड त्याच्या खिशात, अशी घरे आपल्याही वस्तीत आहेत. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे यांबरोबरच घरातला अधिकार तिच्या हाती सोपविणे हेही त्यांत आहे. मग स्वतः मिळविलेल्या पैशासाठी तिने हात का पसरावा?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत, पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व्हावे, असे त्यांनी सांगितले. रजा कायद्याने मिळाली. मैत्री कायद्याने मिळत नाही, ती घरात भांडी घासताना, मुलाचा अभ्यास घेताना दिसावी लागते.

आमच्या मंडळाच्या बैठका सायंकाळी सात वाजता भरतात. भगिनी का येत नाहीत, असे प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारतो. सात वाजता त्या स्वयंपाकघरात असतात. बैठक संपवून आम्ही घरी जातो तेव्हा ताट वाढलेले असते.