अमूर्त चित्रकला : एक रूप, तीन हेतु

चित्र दिसलें कीं ‘हें कशाचें?’ असा प्रश्न आपण सहज विचारतों. परंतु १९१० च्या सुमारास यूरोपांतील कांहीं चित्रकारांनीं वस्तूची आकृति काढणेंच सोडून दिलें. त्यांच्या कृति वरवर एका जातीच्या दिसल्या, तरी त्यांमागील विचार भिन्न आहेत.

पहिला कँडिन्स्की (१८६६-१९४४). हा मूळचा रशियन. म्युनिक येथें राहून त्यानें कलेंतील आत्मिक तत्त्वाविषयीं ग्रंथ लिहिला. तो १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. संगीत कोणत्याहि वस्तूची नक्कल करीत नाहीं, तरी अंतःकरण हेलावून सोडतें; तद्वत् रंग व रेषा यांनीं थेट आत्म्याशीं बोलावें, असें त्याचें मत होतें.

दुसरा मालेविच (१८७९-१९३५). १९१५ सालीं पेट्रोग्राड येथील प्रदर्शनांत त्यानें पांढऱ्या भूमीवरील एक काळा चौकोन मांडला. तोहि खोलीच्या कोपऱ्यांत, छताजवळ, जेथें रशियन घरांत पवित्र प्रतिमा ठेवीत. कलेंत शुद्ध संवेदना श्रेष्ठ, वस्तु गौण, हें त्याचें तत्त्व.

तिसरा डच चित्रकार मोंद्रियान (१८७२-१९४४). उभ्या-आडव्या काळ्या रेषा, तांबडा, पिवळा व निळा हे मूळ रंग, आणि पांढरा, काळा, करडा, एवढ्यावरच त्यानें पुढें आपली कला उभारली. परस्परविरुद्ध शक्तींचा तोल हेंच विश्वाचें खरें रूप, असें त्यास वाटे.

सारांश, पहिला अंतरंगाचा सूर ऐकतो, दुसरा वस्तुजगाची आठवणच पुसूं पाहतो, तिसरा त्याच जगामागील नियम शोधतो.

‘असें तर लहान मूलहि काढील,’ हा आक्षेप नेहमींचा. मोंद्रियाननें १९०८ ते १९१२ या काळांत काढलेलीं झाडांचीं चित्रें क्रमानें पाहावीं. प्रथम फांद्या स्पष्ट दिसतात. मग त्या वक्ररेषा होतात. शेवटीं झाड जवळजवळ नाहींसें होऊन केवळ लय उरते. पाहण्याच्या दीर्घ अभ्यासावांचून हें साधत नाहीं.

या कलेस राजसत्तेचा रोषहि सोसावा लागला. १९३७ सालीं नाझी सरकारनें म्युनिक येथें ‘भ्रष्ट कला’ म्हणून जें प्रदर्शन भरविलें, त्यांत कँडिन्स्कीचीं चित्रें उपहासासाठीं टांगलीं होतीं. न समजलेल्या गोष्टीस हंसणें सोपें असतें. परंतु तें हंसें कोठवर जातें, हें यावरून दिसतें. यास्तव अशा चित्रापुढें उभें राहतांना ‘हें कशाचें?’ याऐवजीं ‘चित्रकारानें वस्तु कां वगळली?’ असें विद्यार्थ्यांनीं विचारावें.