सलालाची कबर आणि इयोबाचा धडा



ओमानच्या दक्षिणेस धोफार प्रांतात सलाला शहर आहे. आपल्या कोकणात पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर तिथले डोंगरही हिरवे करतात. त्या डोंगरात एक कबर आहे. मुसलमान लोक ती नबी अय्यूब यांची, म्हणजे आपल्या इयोबाची, मानतात व दर्शनास जातात.

शास्त्र काय सांगते? इयोब ऊस देशाचा. त्याच्या पुस्तकाचे अध्याय ४२, पण कबरीचा पत्ता एकातही नाही. तुर्कस्तानात उर्फा येथेही त्याचे स्थान दाखवतात. तल्मूदात, बाबा बाथ्रा या भागात, तर एक मत असे आहे की इयोब झालाच नाही, तो केवळ दृष्टांत.

मग आपण घ्यायचे काय? दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्याचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्यावरून हाखामांनी शिकवले, की शोक करणारा बोलेपर्यंत भेटीस आलेल्याने बोलू नये. आपल्यातले पुष्कळजण मात्र दारातूनच विचारतात, "काय झालं होतं हो?"

सलालाला जाणे प्रत्येकास जमणार नाही. शोकाच्या सात दिवसांत शेजाऱ्याकडे जाऊन गप्प बसणे सर्वांस जमेल.