थायरॉइड मंद, मग धडधड कशी?

प्रश्न : आईला (वय ६७) थायरॉइड कमी असल्याचं निघालं तेव्हा नाडी जेमतेम ५२ होती. गोळी सुरू झाल्यावर बरं वाटलं. आता अधूनमधून छातीत धडधडतं. थायरॉइड कमी असेल तर हृदय संथ हवं ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तर्क बरोबर आहे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या ज्या पेशी ठोका सुरू करतात, त्यांचा वेग थायरॉइडच्या हार्मोनवर बराच अवलंबून असतो. ते कमी पडलं की नाडी मंदावते, ईसीजीतल्या रेषा बुटक्या होतात. हेरमान झोंडेक या जर्मन डॉक्टरांनी १९१८ मध्येच अशा रुग्णांची फुगलेली, सुस्त हृदयं वर्णिली आणि थायरॉइडच्या औषधाने ती पूर्ववत होताना पाहिली. ईसीजीत ‘क्यूटी’ नावाचं अंतरही लांबतं. दुखणं फार काळ अंगावर काढलं आणि त्यात पोटॅशियमही घसरलं, तर क्वचित जीवघेणी लय सुरू होते.

पण आईंची धडधड गोळी सुरू झाल्यानंतरची आहे, म्हणून मला आधी डोसची शंका येते. डोस जास्त झाला तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, अगदी तळाला जातं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत (१९९४) साठीपुढच्या ज्यांचं टीएसएच ०.१ किंवा त्याखाली होतं, त्यांच्यात दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे वरचे कप्पे बेताल थरथरण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. त्यातून गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणूनच वयस्कांना गोळी कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात.

उलटंही घडतं : हृदयाचं औषध थायरॉइड बिघडवतं. लय सुधारण्यासाठी अमिओडेरोन चालू असेल, तर त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. शरीराची रोजची गरज ०.१५! सगळं आयोडीन सुटं होत नाही, तरी थायरॉइड बिघडायला पुरतं.

तेव्हा टीएसएच आणि ईसीजी आत्ताच करून घ्या. धडधड येते-जाते, म्हणून एका ईसीजीत ती सापडली नाही तर डॉक्टर होल्टर, म्हणजे २४ तास चालणारा ईसीजी, सुचवतील. डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती आणि थायरॉइडची गोळी यांच्यामध्ये चार तास जाऊ द्या. कुणाच्याही सांगण्यावरून थायरॉइडची गोळी बंद मात्र करू नका. आणि धडधडीबरोबर चक्कर, धाप किंवा छातीत दुखणं आलं, तर रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.